प्रश्न लिहिला कोणी? – भूकंपाच्या नोंदी मागवणाऱ्या एका लायब्ररीचे परीक्षण

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५५ मिनिटांनी झाला, हे महाराष्ट्रातील शिक्षकांना वेगळे सांगायला नको. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत त्या पहाटे सुमारे १०,००० माणसे दगावली. आता अकरावीतील एखाद्या विद्यार्थिनीने संगणकावर पायथन भाषेत चार ओळी लिहून अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेकडे अशी विचारणा केली, असे समजा : ‘३० सप्टेंबर १९९३ या दिवशी, अक्षांश १७ ते १९ आणि रेखांश ७५ ते ७८ या चौकटीत, ६ किंवा त्याहून अधिक महत्तेचे कोणते भूकंप झाले?’ (वर्तमानपत्रांत ‘रिश्टर’ म्हणून जो आकडा छापून येतो, ती भूकंपाची महत्ता.) तिच्या पडद्यावर उत्तर उमटेल : या मागणीसाठी माहिती उपलब्ध नाही.

संस्थेच्या नोंदवहीत हा भूकंप आहे. विद्यार्थिनीच्या ओळींत व्याकरणाची चूक नाही. तिची मागणी संस्थेपर्यंत पोहोचवणाऱ्या प्रोग्रामनेही आपले काम चोख केले आहे. तरीही उत्तर चुकीचा ग्रह करून देणारे आले. असे का झाले, याचा शोध घेताना आम्हांस वाटले की या मधल्या प्रोग्रामचे, म्हणजेच ‘क्लायंट लायब्ररी’चे, एखाद्या पाठ्यपुस्तकाचे करावे तसे परीक्षण करणे उपयोगाचे होईल. अनेक शाळा-महाविद्यालयांत आता विद्यार्थी प्रकल्पासाठी इंटरनेटवरून थेट वैज्ञानिक संस्थांची माहिती मागवतात. ती माहिती हाती येते ती अशा लायब्ररीमार्फत. पाठ्यपुस्तक वर्गात लावण्यापूर्वी आपण ते चाळून पाहतो. लायब्ररीच्या बाबतीत मात्र ‘चालते आहे ना’ एवढेच पाहिले जाते.

अर्ज, खिडकी आणि अर्जनवीस

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मोठ्या वैज्ञानिक संस्था आपल्या नोंदी दोन प्रकारे खुल्या करतात. एक म्हणजे माणसांनी वाचायची पाने : नकाशे, तक्ते, बातम्या. दुसरा प्रकार म्हणजे एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला प्रश्न विचारण्याची ठरवून दिलेली रीत. हिला ए.पी.आय. म्हणतात. ही रीत दिसायला अगदी साधी असते. संस्थेचा इंटरनेटवरील एक पत्ता, त्यानंतर प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढे नाव आणि मूल्य यांच्या जोड्या : आरंभवेळ इतकी, अखेरची वेळ इतकी, किमान महत्ता इतकी. ही सर्व ओळ ब्राउझरच्या वरच्या पट्टीत हाताने टंकली तरी उत्तर येते. त्यासाठी प्रोग्राम लिहिता यावा लागत नाही. भूकंपांच्या बाबतीत तर वेगवेगळ्या देशांच्या संस्थांनी एकत्र येऊन, डिजिटल भूकंपमापन जाळ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघामार्फत, या अर्जाचे रकाने सर्वांसाठी सारखे ठरवले आहेत. त्यामुळे एका संस्थेला विचारायला शिकलेला विद्यार्थी दुसऱ्या संस्थेलाही त्याच भाषेत विचारू शकतो.

मग लायब्ररी हवी कशाला? कारण हाताने लिहिलेली ओळ लांबलचक होते, एखादे अक्षर चुकते आणि उत्तर येते ते एक्स.एम.एल.सारख्या गुंतागुंतीच्या मांडणीत. त्यातून हवी ती वेळ, हवा तो आकडा वेचून काढणे कंटाळवाणे असते. कचेरीबाहेर झाडाखाली बसणारा अर्जनवीस आठवावा. आपण आपले म्हणणे तोंडी सांगायचे. तो ते योग्य नमुन्यात लिहितो, खिडकीवर देतो आणि आलेला कागद आपल्याला समजेल असा वाचून दाखवतो. क्लायंट लायब्ररी हे काम करते. अर्जनवीस चांगला असेल तर काम सुकर होते. पण आपण न सांगितलेल्या गोष्टी अर्जात कशा भरल्या गेल्या, एखादा रकाना कोराच राहिला का, राहिला असल्यास खिडकीतल्या कारकुनाने त्याचा अर्थ काय लावला, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून लायब्ररीचे परीक्षण करताना आम्ही एकच कसोटी लावली : तिने आपल्या वतीने घेतलेले, किंवा तिच्या आडून दुसऱ्याने घेतलेले निर्णय विचारणाऱ्याला कितपत दिसतात?

परीक्षणासाठी आम्ही ‘ऑब्सपाय’ ही लायब्ररी निवडली. ती पायथन भाषेसाठी असून जर्मनीतील म्युनिक येथील विद्यापीठात भूकंपशास्त्रज्ञांनी तिची सुरुवात केली. तिची ओळख करून देणारा लेख २०१० मध्ये ‘सायस्मॉलॉजिकल रिसर्च लेटर्स’ या नियतकालिकात आला. ती विनामूल्य आहे, तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो आणि जगभरचे संशोधक ती वापरतात. तिचा पसारा मोठा आहे. येथे आम्ही फक्त संस्थांकडून भूकंपांच्या नोंदी मागवणाऱ्या भागाविषयी लिहीत आहोत.

जमेची बाजू

चांगल्या गोष्टी आधी सांगितल्या पाहिजेत, आणि त्या थोड्या नाहीत. काम खरोखर चार ओळींत होते. पहिल्या ओळीत लायब्ररी बोलवायची, दुसरीत ‘क्लायंट’ला संस्थेचे लघुनाम सांगायचे, तिसरीत ‘गेट-इव्हेंट्स’ या आज्ञेला काळ, जागा आणि महत्ता सांगायची, चौथीत आलेली यादी छापायची. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेकडे विचारणा करण्यासाठी नावनोंदणी लागत नाही, परवान्याचा सांकेतिक शब्दही लागत नाही. शाळेच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

दुसरे असे की, ही लायब्ररी काम सुरू करतानाच संस्थेकडून अर्जातील रकान्यांची यादी मागवून घेते. विद्यार्थ्याने एखाद्या रकान्याचे नाव चुकीचे लिहिले तर तो रकाना संस्थेच्या सेवेत नाही असे ती स्पष्ट सांगते. चुकीचा रकाना गुपचूप वगळून उरलेला अर्ज पाठवणे हा लायब्ररीचा सर्वांत घातक दोष ठरला असता, कारण मग विद्यार्थ्याने घातलेली अट लागू झालीच नाही हे त्याला कळलेच नसते. तो दोष येथे नाही.

तिसरे, छापून येणाऱ्या प्रत्येक ओळीत महत्तेच्या आकड्यापुढे तिचा प्रकारही असतो : एमडब्ल्यू, एमबी, एमएल इत्यादी. महत्ता मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि एकाच भूकंपासाठी त्यांतून थोडे वेगळे आकडे येतात. एका वर्तमानपत्रात ६.२ आणि दुसऱ्यात ६.४ का, असे मुले विचारतात तेव्हा शिक्षकाला दाखवण्याजोगा पुरावा येथे आयताच मिळतो.

चौथे, काहीच सापडले नाही तर लायब्ररी रिकामी यादी देऊन गप्प बसत नाही. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे ओरडून सांगते आणि प्रोग्राम थांबवते. नवख्याला हे त्रासदायक वाटते. आम्हांस ते योग्य वाटते. रिकाम्या यादीची सरासरी काढणाऱ्या प्रोग्रामपेक्षा अडून बसणारा प्रोग्राम बरा.

पहिला अडसर : तारीख कोणाची?

आता किल्लारीकडे वळू. भूकंपशास्त्रात सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत नोंदतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. १५ अंशांना एक तास या हिशेबाने ती जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. पहाटे ३ वाजून ५५ मिनिटांतून साडेपाच तास वजा केले की उरतात आदल्या रात्रीचे १० वाजून २५ मिनिटे. म्हणून जगाच्या नोंदवहीत किल्लारीचा भूकंप २९ सप्टेंबर १९९३ चा आहे. आमच्या विद्यार्थिनीने ३० तारीख विचारली. संस्थेने जागतिक वेळेनुसार ३० तारीखच पाहिली आणि त्या तारखेला तो भूकंप नव्हता.

कोयनेचीही तीच गत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला तो भूकंप जागतिक वेळेनुसार १० डिसेंबरच्या रात्री १० वाजून ५१ मिनिटांचा. संशोधनपर लेखांत त्याची तारीख १० डिसेंबर अशी का आढळते, याचे उत्तर हे आहे. गंमत अशी की २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप मात्र सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झाला, म्हणजे जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १६ मिनिटांनी, त्याच तारखेला. ज्या शिक्षकाने भूजचे उदाहरण घेऊन प्रोग्राम तपासला त्याला तो बिनचूक वाटेल. तोच प्रोग्राम किल्लारी आणि कोयना या महाराष्ट्राच्या दोन्ही मोठ्या भूकंपांना हुकवील. भारतात रात्री १२ ते पहाटे ५.३० या काळात होणारी प्रत्येक घटना जागतिक नोंदवहीत आदल्या तारखेला जाते. दिवसाच्या २४ तासांतले हे साडेपाच तास, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा.

यात लायब्ररीला दोष द्यावा का? तिने वेळेसाठी जो प्रकार वापरला आहे त्याच्या नावातच जागतिक वेळेचा, यू.टी.सी.चा उल्लेख आहे. छापलेल्या प्रत्येक वेळेच्या शेवटी ‘झेड’ हे अक्षर येते. तीही जागतिक वेळेचीच खूण. शिवाय वेळ लिहिताना शेवटी ‘अधिक ५.३०’ असे जोडले तर लायब्ररी स्वतः वजाबाकी करून योग्य वेळ पाठवते. तेव्हा या बाबतीत ती प्रामाणिक आहे. फक्त तिचा प्रामाणिकपणा भूकंपशास्त्रज्ञाला उमजेल अशा खुणांत आहे. शाळेत तो उलगडून सांगण्याचे काम शिक्षकाचे.

दुसरा अडसर : कोरे रकाने

आमची खरी तक्रार येथून सुरू होते. समजा, विद्यार्थ्याने विचार केला की तारखांचा घोळच नको. महाराष्ट्राची चौकट आणि किमान महत्ता ६ एवढेच सांगू, म्हणजे सापडतील तेवढे सगळे येतील. लायब्ररी हा अर्ज तसाच, वेळेचे रकाने कोरे ठेवून पाठवते. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेच्या नियमानुसार आरंभवेळ दिली नसेल तर ती आजपासून ३० दिवस मागची धरायची. म्हणजे ‘आजवरचे सगळे’ असे मनात धरून विचारलेला प्रश्न ‘गेल्या ३० दिवसांतले’ असा पोहोचतो. उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येणार. किल्लारी नाही, कोयना नाही. महाराष्ट्रात मोठा भूकंप कधी झालाच नाही असा निष्कर्ष तक्त्यासह वहीत उतरू शकतो.

हा नियम संस्थेचा आहे, लायब्ररीचा नाही, आणि संस्थेने तो आपल्या माहितीपानावर लिहून ठेवला आहे. पण लायब्ररी वापरणारा ते पान उघडतच नाही. ते उघडावे लागू नये म्हणून तर त्याने लायब्ररी घेतली! येथे अर्जनवीसाने एक वाक्य बोलायला हवे होते : ‘वेळ सांगितली नाहीत, तर ते गेल्या महिन्याचेच पाहतात.’ तो बोलत नाही.

असेच आणखी एक उदाहरण. ‘फक्त १०० भूकंप द्या’ अशी मर्यादा घालता येते. हे १०० कोणते? क्रम न सांगितल्यास सर्वांत अलीकडचे आधी, म्हणजे शेवटचे १००. मोठे १०० नव्हेत, आणि यदृच्छेने निवडलेला नमुनाही नव्हे. संख्याशास्त्राच्या तासाला ‘नमुना’ शिकवून झाल्यावर विद्यार्थी असे १०० आकडे घेऊन जगातील भूकंपांविषयी विधान करील, तर ते विधान प्रत्यक्षात गेल्या काही तासांविषयी किंवा दिवसांविषयी असेल. याउलट एकाच विचारणेत २०,००० हून अधिक नोंदी मागितल्या तर ही संस्था सरळ नकार देते. ही रीत आम्हांस अधिक पसंत आहे : अर्धवट देण्यापेक्षा स्पष्ट नाही म्हणणे चांगले.

तिसरा अडसर : एककांची सरमिसळ

विज्ञानाच्या वर्गात आपण मुलांना एकक लिहिले नाही म्हणून अर्धा गुण कापतो. या लायब्ररीत एकके लिहिलेली नसतात. ती ठाऊक असावी लागतात. एखाद्या गावापासून ठरावीक अंतरातील भूकंप हवे असतील तर ‘मॅक्सरेडियस’ या रकान्यात अंतर द्यायचे. ते अंशांत द्यायचे असते. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. साताऱ्यापासून ५० किलोमीटर असे मनात धरून कोणी ५० लिहिले, तर सुमारे ५,५५० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ घेतले जाते. त्यात सुमात्रा येते आणि तुर्कस्तानही. किलोमीटरसाठी अमेरिकन संस्थेने वेगळ्या नावाचा रकाना ठेवला आहे, पण तो माहीत असला तर.

त्याहून विचित्र प्रकार खोलीचा. जमिनीखाली भूकंप जेथे सुरू होतो ती त्याची नाभी. नाभीच्या खोलीची अट घालताना ती किलोमीटरमध्ये द्यायची. आणि त्याच लायब्ररीकडून परत आलेली खोली मात्र मीटरमध्ये असते. कारण उत्तर ज्या ‘क्वेकएमएल’ मांडणीत येते तिचे एकक मीटर आहे आणि लायब्ररीने ते जसेच्या तसे ठेवले. त्याच संस्थेला ब्राउझरमधून विचारून साध्या ‘जिओजेसन’ मांडणीत उत्तर घेतले तर खोली पुन्हा किलोमीटरमध्ये! म्हणजे एकाच भूकंपाची खोली एका ठिकाणी १०, दुसऱ्या ठिकाणी १०,०००. ती किलोमीटर समजून वाचली तर नाभी पृथ्वीच्या मध्याच्याही पलीकडे जाते, कारण पृथ्वीची सरासरी त्रिज्याच ६,३७१ किलोमीटर आहे. जागरूक विद्यार्थ्याला हे लगेच खटकेल, आणि खटकावे म्हणून शिक्षकाने हे उदाहरण वर्गात जरूर द्यावे. परंतु एकाच आज्ञेने एका एककात घ्यावे आणि दुसऱ्यात द्यावे, याचे समर्थन आम्हांस करता येत नाही.

खोलीविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अनेक भूकंपांच्या नोंदींतून नाभीची खोली नीट ठरवता येत नाही. अशा वेळी ती एका ठरावीक आकड्यावर स्थिर धरतात. १० किलोमीटर आणि ३३ किलोमीटर हे त्यांतले नेहमीचे. विद्यार्थ्याने हजारो नोंदींचा स्तंभालेख काढला तर या आकड्यांवर उंच मनोरे उभे राहतात आणि पृथ्वीच्या पोटात तेथे काही विशेष थर आहे असा भास होतो. ते मनोरे पृथ्वीचे नसून नोंद करणाऱ्यांच्या रिवाजाचे आहेत. खोली मोजलेली की धरलेली, हे सांगण्यासाठी क्वेकएमएल मांडणीत वेगळी जागा आहे आणि लायब्ररीतून ती वाचताही येते. पण यादी छापताना ती दिसत नाही. मुद्दाम विचारावी लागते.

चौथा अडसर : नोंदवही कोणाची?

क्लायंटला लघुनाम सांगितले की काम सुरू होते, हे वर आलेच आहे. या सोयीचा एक परिणाम असा की ज्यांचे लघुनाम यादीत आहे त्यांनाच विचारले जाते. ऑब्सपायच्या १.४ या आवृत्तीतील यादीत अमेरिका, युरोपातील अनेक देश, तुर्कस्तान, न्यूझीलंड, ब्राझील येथील संस्था आहेत. भारतीय संस्था नाही. लघुनामेही कायमची नसतात. अमेरिकेतील ‘आयरिस’ ही संस्था २०२३ मध्ये दुसऱ्या एका संस्थेशी एकत्र होऊन ‘अर्थस्कोप’ झाली. जुन्या पुस्तकांतील आणि धड्यांतील प्रोग्राम मात्र आयरिसचेच नाव घेतात.

पण खरा प्रश्न नावाचा नाही, नोंदींच्या व्याप्तीचा आहे. अमेरिकेची भूसर्वेक्षण संस्था स्वतःच्या देशाबाहेरचे भूकंप साधारणतः ४.५ महत्तेपासून पुढे पद्धतशीरपणे नोंदवते. त्याखालचे काही सापडतात, काही नाही. कोयना परिसरात १९६२ पासून, शिवसागर जलाशय भरू लागल्यानंतर, भूकंपांची जी मालिका सुरू झाली तीत ५ किंवा अधिक महत्तेचे वीसहून अधिक आणि त्याहून लहान असे हजारो धक्के आहेत. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातील हे ठळक उदाहरण. म्हणूनच कराड येथे खोल विंधनविवर घेऊन भूकंपांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा केंद्र सरकारने उभारली. पाटण किंवा चिपळूणच्या विद्यार्थ्याने आपल्याला जाणवलेला ३ महत्तेचा धक्का अमेरिकेच्या नोंदवहीत शोधला आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ धक्का बसला नाही असा नाही. त्या नोंदवहीत तो लिहिलेला नाही, एवढाच. त्यासाठी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदी पाहायला हव्यात. ब्रिटनमधील आंतरराष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून तपासते. त्याचे लघुनाम ऑब्सपायच्या यादीत आहे. मात्र तेथील तपासून झालेली यादी सुमारे दोन वर्षे मागे असते.

‘नाही’ या एका शब्दाचे किती अर्थ झाले पाहा : भूकंप झाला नाही, झाला पण त्या तारखेला नाही, झाला पण आपण विचारलेल्या ३० दिवसांत नाही, झाला पण या नोंदवहीत नाही. लायब्ररी या चारही प्रसंगी एकच वाक्य छापते. आमच्या मते हाच या सर्व परीक्षणाचा गाभा आहे. कोयनेच्या खोऱ्यातील माणसाला घराच्या भिंती मजबूत करायच्या की नाही, हे ठरवताना या चार अर्थांतला फरक जिव्हाळ्याचा आहे. उद्या हेच विद्यार्थी नगरपालिकेत, बांधकाम खात्यात, विमा कंपनीत बसतील आणि अशाच चार ओळी लिहून निर्णय घेतील.

वर्गात काय करावे?

या कारणांसाठी लायब्ररी वापरूच नये, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. गणकयंत्र वापरू नका असे सांगून पाढे पाठ होत नाहीत. आमच्या सूचना पुढीलप्रमाणे.

पहिला तास लायब्ररीविना घ्यावा. विचारणेची पूर्ण ओळ फळ्यावर लिहावी, तिचा प्रत्येक रकाना मुलांकडून भरून घ्यावा आणि ती ब्राउझरमध्ये टंकून उत्तर पाहावे. मग एकेक रकाना पुसून उत्तर कसे बदलते ते पाहावे. कोऱ्या रकान्याचा अर्थ मुलांना अशाने जसा कळतो तसा व्याख्यानाने कळत नाही.

दुसऱ्या तासाला लायब्ररी वापरावी, पण तिची ‘डीबग’ ही कळ चालू करून. ती चालू केली की लायब्ररी आपल्या वतीने पाठवलेली पूर्ण ओळ पडद्यावर छापते. अर्जनवीस अर्ज वाचून दाखवू शकतो. मात्र त्याला तसे सांगावे लागते. ही कळ मुळात बंद असते. शिकाऱ्यांसाठी ती मुळातच चालू असती तर आमच्या निम्म्या तक्रारी उरल्या नसत्या.

तिसरे, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न प्रथम विचारावा, आणि तो एकच नसावा. भूज सापडला म्हणून थांबू नये. किल्लारी आणि कोयना सापडतात का तेही पाहावे. वजनकाटा तपासताना आपण एकाच वजनावर विसंबत नाही.

चौथे, आलेले उत्तर एकदाच फाइलमध्ये साठवावे आणि सर्व वर्गाने तीच फाइल वापरावी. ४० संगणकांवरून तीच विचारणा वारंवार करणे हा विनामूल्य सेवेचा गैरवापर आहे. शिवाय या नोंदवह्या नंतर सुधारल्या जातात. आज घेतलेले उत्तर पुढच्या महिन्यात तंतोतंत तेच येईल असे नाही. म्हणून फाइलवर विचारणेची तारीख लिहावी.

पाचवे आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे : प्रकल्पवहीत आलेखाखाली ‘स्रोत : इंटरनेट’ असे लिहून भागू देऊ नये. संस्थेचे नाव, पाठवलेली पूर्ण विचारणा, वेळ कोणत्या प्रमाणवेळेत, खोली कोणत्या एककात, हे सर्व मागावे. रसायनाच्या प्रयोगात द्रावणाची संहती लिहिली नाही तर आपण प्रयोग पुन्हा करायला लावतो. येथेही तोच नियम लावावा.

एकंदरीत, ऑब्सपाय ही मेहनतीने केलेली, भरवशाची लायब्ररी आहे, आणि वरिष्ठ विद्यार्थ्यांना ती शिकवण्याची शिफारस आम्ही करतो. ती बनली तज्ज्ञांसाठी. ज्याला जागतिक वेळ, अंशातले अंतर आणि मीटरमधली खोली अंगवळणी पडली आहे त्याला ती कोठेही फसवत नाही. शाळेत येताना तिच्यासोबत तो तज्ज्ञ येत नाही. त्याची जागा शिक्षकाने घ्यायची आहे, आणि त्यासाठी भूकंपशास्त्रात पदवी लागत नाही. ‘तू विचारलेस ते काय, आणि तिकडे पोहोचले ते काय?’ एवढा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याला उत्तर पाहण्याआधी विचारला तरी पुरे.